व्हिनाईलच्या फरशीला ‘डायमंड पॉलिश’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आमचं घर शहापुरात, जुन्या बांधणीचं, खाली मोझॅकची फरशी. बेळगावच्या पावसात ती फरशी किती गार पडते ते इथल्या माणसांना सांगायला नको. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिला त्या गार फरशीवर पाऊल टेकवेना, ओल्या पायानं घसरायची भीती वेगळीच. म्हणून आम्ही मोझॅकवरच लक्झरी व्हिनाईलच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या. लाकडासारखी दिसणारी, पायाला ऊबदार, सहजासहजी न घसरणारी फरशी. पुढची खोली, आईची खोली आणि मधला बोळ. आई काठी न घेता बाथरूमपर्यंत जायला लागली तेव्हा केलेला सगळा खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं होतं.

तीन वर्षांत फरशीची चमक मंदावली. कारण आता मला कळतंय: रोज बादलीभर पाण्यात अंदाजानं फिनेल ओतून आम्ही ती पुसत होतो. फिनेलचा आणि साबणाचा पातळ तेलकट थर साचत जातो, त्यावर धूळ बसते आणि फरशी मळकट, धुरकट दिसते. आतली फरशी चांगलीच असते. पण तेव्हा मला वाटलं की फरशीच झिजली. गणपती पंधरा दिवसांवर आले होते, पाहुणे येणार होते, आणि नेमका त्याच दिवसांत तो माणूस दारात आला.

सोबत एक पोरगा. स्कूटर केए-२२ पासिंगची, म्हणजे गावातलीच. बोलणंही आपलंच. “वैनी, वरचा पदर मेलाय बघा की ह्याचा. घासाई करून डायमंड पॉलिश मारलं की नव्यासारखं होतंय.” त्यानं कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर काहीतरी फवारलं, फडक्यानं पुसलं, आणि ती जागा आरशासारखी चकाकली. फडकं काळं झालेलं माझ्यापुढे धरलं. “बघा, किती घाण बसलीय.” ती घाण खरीच होती, पण साध्या ओल्या फडक्यानंही तेवढीच निघाली असती. आणि ती चकाकी म्हणजे ओल्या तेलकट द्रव्याची चकाकी होती. दुसऱ्या दिवशी ती जागा पाहिली असती तर कळलं असतं. त्यानं दुसरा दिवस उजाडू दिला नाही. “आज मशीन हिकडंच हाय, उद्या खानापूरचं काम धरलंय,” म्हणाला, आणि मी पाच हजार ॲडव्हान्स पाठवून मोकळी झाले.

मी फसले ते ‘घासाई’ या शब्दाला. आपल्याकडे लहानपणापासून पाहिलेलं असतं. मोझॅक बसवल्यावर मशीन लावून घासतात, पाण्याचा राडा होतो, मग ऑक्झॅलिक ॲसिड घालून पॉलिश करतात आणि फरशी चमकायला लागते. शहाबाद, कडप्पा, संगमरवर, सगळ्यांचं तेच. दगड वरपासून खालपर्यंत दगडच असतो, वरचा थर घासला तर खालून तोच दगड वर येतो. व्हिनाईलचं तसं अजिबात नाही. तळाला पीव्हीसीचा थर, त्यावर लाकडाची छापील फिल्म, त्यावर पारदर्शक संरक्षक थर आणि सगळ्यात वर कारखान्यातच अतिनील प्रकाशात पक्कं केलेलं पॉलियुरेथेनचं कोटिंग. आमच्या पट्टीची एकूण जाडी ३ मिलिमीटर, त्यातला पारदर्शक थर फक्त ०.३ मिलिमीटर. लाकूड दिसतं ते छापलेलं चित्र. तिथं घासायला काही शिल्लकच नाही. घासलं की आधी कोटिंग जातं, मग पारदर्शक थर, मग चित्र. गेलेलं कोटिंग घरी बसून परत आणता येत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं असतं.

त्यानं फिरणारं मशीन आणलं, खाली काळं पॅड. पॅडचा रंग बघायचा असतो हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. पांढरं पॅड मऊ, पॉलिशसाठी. लाल हलक्या साफसफाईला. हिरवं घासायला. आणि काळं सगळ्यात खरखरीत, जुनं पॉलिश खरवडून काढायला. ते त्यानं छापील चित्राच्या फरशीवर फिरवलं, वर भरपूर पाणी ओतलं, इतकं की बोळात पाण्याचं तळं झालं. बाटलीतल्या द्रव्याला रंगाच्या थिनरसारखा वास येत होता. आईला खोकला आला म्हणून मी तिला माडीवर नेलं, आणि माझी पाठ वळल्यावर खालचं काम आणखी उरकलं. मग मॉपनं पॉलिशचा एक हात, अर्ध्या तासात दुसरा. श्रावणातली दमट हवा, बाहेर पावसाची झड, खिडक्या बंद. पाण्यावर आधारलेलं ॲक्रिलिक पॉलिश अशा हवेत वाळायलाच वेळ लागतो, एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो. तो मात्र घड्याळाकडे बघत होता.

बिल हातात ठेवलं ते ५६० चौरस फुटांचं, १८ रुपये दरानं, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८९४. मी उरलेले पैसे दिले. रात्री भाऊ आला, त्यानं टेप लावला. पुढची खोली १४ बाय १३, आईची १२ बाय ११, बोळ १८ बाय ४. सगळं मिळून ३८६. म्हणजे १७४ फूट हवेतले, करासकट तीन हजार सहाशेच्या वर. बिलावरचा जीएसटी नंबर मोजला तर तेरा अक्षरांचा. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि कर्नाटकातल्या नोंदणीचा २९ नं सुरू होतो. पैसे गेले होते ते बिलावर नसलेल्याच एका नावाच्या खात्यात. हे सगळं पैसे देण्याआधी पाच मिनिटांत बघता आलं असतं.

पैशाचं दुःख आहेच. पण तिसऱ्या दिवशी सकाळी आई उठली, पाय टाकला आणि सटकला. पलंगाचा खांब हाताला लागला म्हणून ती पडली नाही. ज्या फरशीसाठी आम्ही एवढं केलं, तीच त्या पॉलिशनं तुळतुळीत होऊन बसली होती. आई नंतर दिवसभर काही बोलली नाही, फक्त भिंत धरून चालत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात पाऊलखुणा उठायला लागल्या, चटई ठेवलेल्या जागी ती चिकटली, पाणी सांडलं की पांढरे डाग. उन्हाची तिरीप आली की गोल गोल ओरखडे दिसायचे, मशीन जसं फिरलं तसे. बोळात चार पट्ट्यांचे कोपरे वर आले, कारण सांध्यांतून पाणी खाली जाऊन गोंद सुटला होता. त्या माणसाचा फोन बंद.

शेवटी ज्यांनी फरशी बसवली होती त्या फिटरमामांना बोलावलं. ते खाली बसले, नखानं कोपऱ्यावर ओरखडलं, पांढरी पापडी निघाली. “ताई, हे वरचं निघेल. पण ओरखडे जाणार नाहीत, खोटं सांगत नाही.” दोन दिवस त्यांनी सौम्य स्ट्रिपर (पॉलिश उतरवायचं द्रव्य), मऊ ब्रश आणि फडकी घेऊन हातानं ते पॉलिश उतरवलं. थोडं लावायचं, थोडा वेळ थांबायचं, लगेच टिपून घ्यायचं, स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं दोनदा पुसायचं. सात पट्ट्या बदलाव्या लागल्या. हीट गननं गरम करून पट्टी सैल केली, जुना गोंद खरवडला, नवा लावून रोलर फिरवला. बसवताना उरलेल्या पाच पट्ट्या मी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या म्हणून तेवढ्यांचा रंग जुळला. उरलेल्या दोन दुसऱ्या लॉटच्या, त्या पलंगाखाली घातल्या. तुमच्याकडे उरलेल्या पट्ट्या असतील तर कुणाला देऊ नका.

मामांनी सांगितलेली देखभाल अगदी साधी आहे. आधी मऊ झाडूनं कचरा काढायचा, कारण वाळूचे कणच फरशी ओरबाडतात. मग न्यूट्रल क्लीनर, म्हणजे आम्लही नाही आणि क्षारही नाही असा, पीएच ७ च्या आसपासचा, बाटलीवर लिहिलेल्या मापानंच पाण्यात घालायचा आणि घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर मॉपनं पुसायचं. फिनेल, ॲसिड, थिनर, वाफेचं मशीन काहीही नको. रबराच्या तळाचं पायपुसणंही नको, त्यानं पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. काही कंपन्या स्वतःच्या फरशीसाठी पॉलिश विकतात, ते खोटं नसतं. पण ते आपल्या फरशीच्या कंपनीनं सांगितलेलंच असावं, स्वच्छ फरशीवर पातळ हातानं लावावं, आणि आधी कोपऱ्यात लावून रात्रभर थांबावं. दुसऱ्या दिवशी त्यावर ओलं फडकं अर्धा तास ठेवायचं. पांढरं पडलं तर ते पॉलिश घरात नको. जो माणूस एवढी रात्र थांबायला तयार नाही, त्याला काम देऊ नका.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि एवढ्या लहान रकमेला फी लागत नाही. अडतंय ते एकाच ठिकाणी: नोटीस पाठवायला त्या माणसाचा पत्ता माझ्याकडे नाही. बिलावरच्या पत्त्यावर भाऊ जाऊन आला, तिथं त्याला कुणी ओळखत नाही. म्हणून काम देण्याआधी त्याच्या आधीच्या दोन गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः जाऊन फरशी बघा, त्याचा पत्ता बघून या, आणि मोजमाप त्याच्यासमोर तुमच्या टेपनं करा.

बिल, पैसे पाठवल्याची नोंद, ओरखड्यांचे फोटो आणि त्यानं विसरून गेलेला काळ्या पॅडचा तुकडा मी एका पिशवीत ठेवला आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडीत किंवा खानापूर, निपाणीकडे कुणाच्या घरी अशीच ‘डायमंड पॉलिश’ झाली असेल आणि बिलावरचा नंबर तेरा अक्षरांचा असेल, तर ते बिल फाडू नका. मिळून तक्रार करता येईल.