शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी : पाठीवरची पट्टी की तोंडावाटे मात्रा? एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी तुलना

इतक्या लहान मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याचे निश्चित झाले की पालकांसमोर शेंगदाणा कटाक्षाने टाळण्यापलीकडे आज प्रामुख्याने दोन वाटा असतात. एक म्हणजे शेंगदाण्यातील प्रथिनाची मोजून मात्रा रोज तोंडावाटे देणे आणि ती हळूहळू वाढवत नेणे; दुसरी म्हणजे त्याच प्रथिनाचा सूक्ष्म अंश असलेली पट्टी रोज त्वचेवर चिकटवणे. यांपैकी कोणतीही वाट धरली तरी वेष्टनावरील घटक वाचणे आणि तीव्र प्रतिक्रियेवर तातडीने द्यायचे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन जवळ बाळगणे सुटत नाही, हे आधीच स्पष्ट असलेले बरे.

दोन्ही पद्धतींतील जवळजवळ प्रत्येक फरक मात्रेतून निघतो. चाचण्यांत वापरलेल्या पट्टीत २५० मायक्रोग्रॅम प्रथिन असते, तर एका दाण्यात साधारणपणे २५० ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे पट्टीत दाण्याचा सुमारे हजारावा भाग. त्वचेतून बाहेर पडणाऱ्या ओलाव्याने ते प्रथिन विरघळते, वरच्या थरात उतरते आणि तिथल्या प्रतिकारपेशी ते उचलून घेतात. रक्तात ते फारसे पोहोचत नाही. तोंडावाटे उपचारात मात्र सुरुवात मिलिग्रॅमहूनही कमी मात्रेने होत असली, तरी प्रमाणित भुकटीच्या उपचारात ती पुढे रोज ३०० मिलिग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे मूल प्रत्यक्षात रोज एका दाण्याइतके प्रथिन खात असते.

पट्टीची या वयातील मुख्य चाचणी, ‘एपिटोप’, २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ३६२ मुले होती आणि ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रथिनाला त्रास होणाऱ्यांनाच प्रवेश होता. बारा महिन्यांनंतर खरी पट्टी लावलेल्यांपैकी ६७ टक्के मुलांची सहनशक्ती ठरवलेल्या पातळीपर्यंत वाढली. प्लासिबो पट्टीच्या, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना दिलेल्या हुबेहूब पट्टीच्या गटात हे प्रमाण ३३.५ टक्के होते. तोंडावाटे देण्याच्या भुकटीची याच वयातील ‘पोसायडन’ ही चाचणी १४६ मुलांवर झाली आणि उपचार घेतलेल्यांपैकी ७३.५ टक्के मुलांना ६०० मिलिग्रॅमची एकच मात्रा सोसली, तर प्लासिबोच्या गटात अवघ्या ६.३ टक्के मुलांना.

हे आकडे शेजारी ठेवून ६७ विरुद्ध ७३.५ अशी तुलना करणे चुकीचे ठरेल. पट्टीच्या चाचणीत यशाची पातळी प्रत्येक मुलाच्या सुरुवातीच्या सहनशक्तीवरून ठरली होती: जे मूल १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रथिनालाच प्रतिक्रिया देत होते त्याला ३०० पर्यंत पोहोचणे पुरेसे होते, बाकीच्यांना १,००० पर्यंत. मोजपट्टीच वेगळी असल्यामुळे पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे प्रत्येक चाचणीतील उपचार आणि प्लासिबो यांमधले अंतर. ते तोंडावाटे उपचारात निःसंशय मोठे आहे. पट्टीच्या बाजूने सांगण्यासारखे हे की १० मिलिग्रॅमवरून ३०० वर जाणे ही त्या मुलासाठी क्षुल्लक बाब नव्हे. चुकून पोटात गेलेल्या घासाने जीवघेणे संकट येण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते.

त्रासाच्या बाबतीत पारडे पट्टीकडे झुकते. पट्टीखालची त्वचा लाल होणे, खाजणे, पुरळ येणे हे जवळजवळ प्रत्येक मुलात दिसले, पण उपचाराशी संबंधित अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी सर्वांगीण अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया, १.६ टक्के मुलांतच आढळला. तोंडावाटे उपचारात पोटदुखी, उलटी, अंगावर गांधी उठणे हे नेहमीचे असते आणि क्वचित अन्ननलिकेचा अ‍ॅलर्जीजन्य दाहही होतो. याच वयोगटातील ‘इम्पॅक्ट’ या चाचणीत उपचार घेणाऱ्यांपैकी २२ टक्के मुलांना मात्रेनंतरच्या प्रतिक्रियेसाठी अ‍ॅड्रेनालिन द्यावे लागले. तिथे मात्रा रोज २,००० मिलिग्रॅमपर्यंत नेली होती, हेही लक्षात घ्यावे.

रोजच्या व्यवहारात हा फरक अधिक जाणवतो. पट्टी दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा निरोगी त्वचेवर लावायची, रोज जागा थोडी बदलायची आणि ती सुटली नाही ना हे पाहायचे. एक्झिमाने (त्वचेच्या खाजऱ्या दाहाने) पाठ भरलेल्या मुलासाठी मोकळी जागा शोधणेच कठीण होऊ शकते. तोंडावाटे मात्रा मऊ खाण्यात कालवून, पोट रिकामे नसताना द्यावी लागते आणि त्यानंतर काही वेळ मुलाला दमवणारा खेळ, गरम पाण्याची अंघोळ आणि झोप टाळून त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. ताप आला की मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारावे लागते. घशात खवखवते आहे हे दीड वर्षाच्या मुलाला सांगता येत नाही, चमचा तोंडाजवळ नेताच मान फिरवणे मात्र त्याला पक्के जमते. या दोन्ही गोष्टींना मी आकड्यांइतकेच महत्त्व देतो.

उपचार थांबवल्यानंतरही सहनशक्ती टिकते का, याचे उत्तर ‘इम्पॅक्ट’ने शोधले. सुमारे अडीच वर्षांच्या उपचारानंतर २६ आठवडे शेंगदाणा पूर्ण बंद ठेवल्यावरही २१ टक्के मुलांना तो सोसला, प्लासिबोच्या गटात २ टक्के मुलांना. वय जितके कमी तितकी ही शक्यता जास्त होती. ‘एपिटोप’मधील मोजणी मात्र उपचार चालू असतानाची आहे.

उपलब्धतेचाही प्रश्न आहे. तोंडावाटे देण्याच्या भुकटीला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. पट्टी आजवर प्रामुख्याने चाचण्यांमधूनच मिळत आली आहे. चाचणीत जायचे तर मुलाला प्लासिबो मिळू शकतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्रतिक्रिया येईपर्यंत शेंगदाणा खाऊ घालण्याची तपासणी किमान दोनदा होते. प्लासिबो मिळालेल्यांना पुढे खरी पट्टी दिली जाईल का, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे.

मुलाला अगदी कणभर शेंगदाण्यानेही प्रतिक्रिया येत असेल, पूर्वी तीव्र झटका येऊन गेला असेल किंवा मात्रेनंतर लक्ष ठेवायला घरात कोणी नसेल, तर माझ्या मते पट्टीची चाचणी शोधणे योग्य. तातडीची वैद्यकीय मदत जवळ असेल, मूल खाण्यात कुरकुर करत नसेल आणि घरचे वेळापत्रक स्थिर असेल, तर तोंडावाटे उपचाराचा लाभ अधिक आहे. मूल मोठे झाल्यावर पाहू, हा पर्याय मात्र मी सुचवणार नाही. २५० मायक्रोग्रॅमच्या पट्टीची चार ते अकरा वर्षांच्या मुलांवर चाचणी झाली तेव्हा यशाचे प्रमाण ३५.३ टक्केच होते.