300 चिप्सचा पोकर संच, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण बटण?

पहिल्या महिन्यात चार तारे दिले होते. आज दोनवर आणतोय, कारण एकच: डीलरचं बटण, म्हणजे दर डावाला पुढच्या खेळाडूकडे सरकणारी चकती. ती ज्याच्यापुढे, तो बहुतेक फेऱ्यांत शेवटी ‘बोलतो’, म्हणजे चिप्स लावायच्या की नाही ते सगळ्यांनंतर सांगतो.

चिप्सबद्दल तक्रार नाही. रंग उडाला नाही, पेटीची कडी अजून घट्ट लागते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शनिवारी पाच-सहा जण बसतो, पैसे न लावता. श्रावणात तर रोज. जन्माष्टमीच्या सातम-आठमला डाव ऐन रंगात असताना बटणाचे दोन तुकडे झाले. दोन पातळ चकत्या नुसत्या गोंदानं चिकटवलेल्या! विक्रेता म्हणतो, ‘‘बटण सुटं मिळत नाही, नवा संच घ्या.’’ एका चकतीपायी अडीच हजार?

तेव्हा मलाही वाटलं, चकतीवाचून काय अडतंय, पाळी लक्षात ठेवू. तिसऱ्याच शनिवारी भाऊजी सलग दोन डाव शेवटी बोलले आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी बोलणाऱ्याला माहिती फुकट मिळते. समोरच्यानं चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली) की चिप्स लावल्या, हे बघून तो ठरवतो.

याची किंमत किती, म्हणून गणितज्ञ हॅरोल्ड कून यांचा 1950 चा तीन पानांचा खेळ पुतण्याबरोबर मांडला. गुलाम, राणी, राजा. प्रत्येकाला एक पान, आधी एकेक चिप, मग एकच चिप लावायची मुभा. पहिल्यानं चेक केलं तर दुसऱ्यानं राजावर नेहमी लावायचं, गुलामावर तीनातून एकदा थाप मारायची. दोघंही अचूक खेळले तरी पहिला दर डावाला सरासरी 1/18 चिप हरतो, म्हणजे 180 डावांत 10. मी 180 डाव आधी बोललो, 14 गेल्या. जागा बदलून तेवढेच खेळलो, 3 आल्या. एवढ्याशा डावांत नशिबाचा हात मोठा, म्हणून माझ्या वहीपेक्षा कून यांच्या हिशेबावर माझा भरवसा. राजा येण्याची शक्यता दोघांना सारखीच, तोटा फक्त आधी बोलण्याचा!

आणखी एक. दोघंच खेळत असाल तर बटणवाला लहान ब्लाइंड (पानं वाटण्याआधी लावाव्याच लागणाऱ्या दोनपैकी कमी चिप्स) लावतो, पहिल्या फेरीत आधी बोलतो आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांत शेवटी. संचातल्या पत्रकात हे उलटं छापलंय. आम्ही दोन महिने तसंच खेळलो, याचा राग अजून जात नाही.

सध्या कॅरमचा जुना स्ट्रायकर फिरवतो. जड आहे, दिसतो, फुटत नाही. संच घेणारच असाल तर दुकानातच बटण हातात घेऊन कडेला नख लावून बघा. फट लागली तर तिथेच परत करा.