री-आरसीटी की इम्प्लांट? दोन्ही केल्यावरचं मत

रूट कॅनल केलेल्या दाढेत पुन्हा पू झाला की डॉक्टर बहुधा दोन पर्याय देतात: री-आरसीटी, म्हणजे तीच रूट कॅनल पुन्हा करणं, नाहीतर दाढ काढून इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात. माझी खालची दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती, तिथे इम्प्लांटच बसवावा लागला. वरच्या दाढेची मात्र मी री-आरसीटी करून घेतली.

री-आरसीटी किचकट असते, हे खरं. जुनी कॅप काढा, आत भरलेला गट्टा-पर्चा (रबरासारखा मसाला) उकरा, रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावून तासभर आ करून पडून राहा, शेवटी पुन्हा कॅपचा खर्च. खात्रीही कुणी छातीठोकपणे देत नाही. पण माझ्या दाढेत बिघाडाचं कारण सापडलं. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरी, केसासारखी बारीक नलिका असते. डॉक्टर तिला एमबी-टू म्हणतात. तीच आधी साफ व्हायची राहिली होती. सीबीसीटी स्कॅनमध्ये (दातांच्या थ्रीडी एक्स-रेमध्ये) दिसली, मायक्रोस्कोपखाली उघडली. हिरडीवरची ती सारखी फुटणारी पुटकुळी नंतर बसली, ती परत आली नाही.

इम्प्लांटला नावं ठेवणार नाही. त्याला कीड लागत नाही, भाकरी-चिक्की सगळं चावतं. माझं मन फिरवलं ते फटीनं. आपले दात वयाबरोबर किंचित पुढे सरकत राहतात, हाडात रुतलेला इम्प्लांट जागचा हलत नाही. माझ्या इम्प्लांटशेजारी अशीच फट पडली. मेथीचा देठ, मटणाचा धागा, शेंगदाण्याचा कण, दर जेवणाला काहीतरी अडकतंच. पंगतीतून उठल्यावर आधी बारीक ब्रश घेऊन बेसिन गाठायचं. अन्न तिथेच राहिलं तर हिरडी सुजते, आणि इम्प्लांटभोवतीचं हाडही झिजू शकतं.

शिवाय खऱ्या मुळाभोवती जे नाजूक तंतू असतात, ते इम्प्लांटला नाहीत. भातातला खडा वरच्या दाढेखाली आला की जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांटच्या बाजूला तो करकरल्यावरच कळतो.

सगळ्यांना असंच होईल असं नाही. मूळच चिरलं असेल किंवा कॅप धरायला दात उरला नसेल, तर री-आरसीटीवर पैसे घालू नयेत. पण मूळ शाबूत असेल तर माझा कल दाढ वाचवण्याकडेच आहे. काढायला होकार देण्याआधी स्कॅन घेऊन एखाद्या एंडोडॉन्टिस्टला, म्हणजे रूट कॅनलच्या तज्ज्ञाला, नक्की दाखवा, आणि एकच विचारा: पहिली रूट कॅनल नेमकी कशामुळे फसली?