जुनी पोलो जीटी की जुनी ऑडी टीटी?

भुसावळच्या भाच्याचं मन दोन जुन्या गाड्यांत अडकलंय: फोक्सवॅगनची छोटी पोलो जीटी टीएसआय की ऑडीची स्पोर्ट्स कार टीटी.

खरा खर्च गिअरबॉक्सचा. 2020 आधीच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये 7 गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, म्हणजे तेलाशिवाय चालणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मे महिन्यात जळगाव 45 अंशांवर असताना गर्दीत रखडत चालवली की क्लच तापतो. आकाशवाणी चौकात सिग्नल सुटल्यावर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरली, तर सौदा तिथेच थांबव बाबा. क्लचपॅक किंवा मेकॅट्रॉनिक्स (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) गेलं की थोडक्यात भागत नाही.

टीटीचे क्लच तेलात बुडालेले, म्हणून उष्णता जास्त सोसतात. पण दर 60,000 किमीला तेल-फिल्टर बदललेच पाहिजेत. बिल नसेल तर बदलले नाहीत असंच धर.

बाकी सगळ्यात टीटी डोईजड. ती परदेशातून आलेली, साधा हेडलाइटही मागवावा लागतो. पोलो चाकणला बनायची, पार्ट सहज मिळतात. टीटीचं मोठं काम निघालं तर नाशिक गाठायचं, म्हणजे अडीचशे किलोमीटर टोइंग. शिवाय ती बुटकी, गावाकडचे गतिरोधक पोटाला घासणारच.

रोज भुसावळ-जळगाव करायचं असेल तर सर्व्हिसची बिलं असलेली पोलो घे. घरात दुसरी गाडी आणि दुरुस्तीसाठी वेगळे पैसे असतील, तरच टीटी.