कृषी पर्यटन की शहरातल्या सहली? पुण्यातल्या उद्योजिकांनी आधी सातबारा बघावा

पर्यटनात उतरू पाहणाऱ्या पुण्यातल्या बऱ्याच जणींपुढे दोन वाटा असतात. मुळशी, भोर, जुन्नरकडे घरच्या शेतावर कृषी पर्यटन केंद्र काढायचं, किंवा शहरात राहून सहली आणि वारसा फेऱ्या चालवायच्या. निवड बहुधा आवडीवर होते. माझं मत स्पष्ट आहे: आधी सातबारा बघा.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार केंद्रासाठी किमान १ एकर शेती लागते. शेती घरात असते, पण नाव सासऱ्यांचं किंवा नवऱ्याचं. चूल, न्याहारी, खोल्यांची झाडलोट, पाहुण्यांची उठबस सगळं बाईनं करायचं आणि कर्जाच्या वेळी तारण द्यायला तिच्या नावावर काहीच नाही. २०२३ च्या ‘आई’ धोरणात महिलांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परतावा आहे. पण व्यवसाय तिच्याच मालकीचा हवा, आणि हप्ते वेळेवर भरले तरच तो परतावा मिळतो. म्हणून जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर खोल्या बांधण्याआधी तलाठ्याकडे जा. लक्ष्मी मुक्ती योजनेत त्याच्या संमतीनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. जमीन सासऱ्यांची असेल तर हा मार्ग चालत नाही. तिथे वाटणी होईपर्यंत स्वतःची बचत बांधकामात घालू नये, असं मी निक्षून सांगेन.

नाव लागलं, तर मात्र या वाटेसारखी दुसरी नाही. पावसाळ्यात ताम्हिणीची गर्दी, थंडीत हुरडा, मग जुन्नरची द्राक्षं. जुन्नरला तर २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला आहे. शेजारणीची लोणची-पापडही त्याच ओट्यावर विकली जातात. अडचण मधल्या वारांची: सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या आणि बाईला मात्र सुट्टी नाही, कारण गाईगुरं आणि घर तिथंच.

शहरातल्या वाटेला जमीन लागत नाही. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई हे सगळं पायी होतं, सकाळच्या दोन-तीन तासांत. भांडवल म्हणजे अभ्यास आणि आवाज. ग्राहकही ओळखीतून येतात: भिशीचा गट, सोसायटीचं महिला मंडळ, कुणाची तरी नणंद. पैसे आधी हातात पडतात, हा फार मोठा फायदा.

मुक्कामी सहल काढली की जोखीम वाढते. गाडी आणि हॉटेलला आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि आयत्या वेळी चौघी गळाल्या तर तोटा तुमचा. रद्द केल्यास किती पैसे कापणार, हे बुकिंगच्या वेळीच लेखी द्या. ओळखीच्या बायकांना असं सांगणं जड जातं, तरीही द्या. रस्त्यात स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, चालक रात्री कसा वागतो, याची खात्री स्वतः जाऊन करावी लागते. पण बायका बाईनं काढलेल्या सहलीला पुन्हा येतात त्या याच काळजीसाठी. छोट्या व्यवसायांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन, विनामूल्य होते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते.

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर मी वारसा फेऱ्या आणि एका दिवसाच्या सहलींनीच सुरुवात करायला सांगेन. नाव सातबाऱ्यावर असेल आणि गावी मदतीला दोन भरवशाच्या बायका असतील, तर शेताकडे जा. पण पहिल्या हंगामात खोल्या न बांधता फक्त दिवसाचा हुरडा आणि जेवण चालवून बघा.