पर्थ ते कालगुर्ली पाइपलाइन टूर: छान आहे, पण शेतीवाल्या भागात घाई करतात

मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी ही पश्चिम ऑस्ट्रेलियातली दोन दिवसांची बस टूर केली, पर्थहून मुंदारिंग धरण आणि तिथून धरणाचं पाणी नेणाऱ्या पाइपच्या कडेकडेनं थेट कालगुर्ली. 4 स्टार देतोय. गाइड भारी होता, नुसतं माइकवर बोलत न बसता गाडी थांबवून दाखवायचा. 1892 ला कूलगार्डीत आणि पुढच्याच वर्षी कालगुर्लीत सोनं सापडलं, हजारो लोक त्या कोरड्या रानात घुसले आणि प्यायला पाणीच नाही, मग खाऱ्या तळ्यांचं पाणी लाकडं जाळून उकळायचं, वाफ थंड करून विकायची, त्यात टायफॉइडनं किती माणसं गेली. शेवटी सी. वाय. ओ'कॉनर या इंजिनिअरनं 530 किलोमीटरचा पाइप आणि 8 पंपिंग स्टेशनं असा घाट घातला. 1903 च्या जानेवारीत पाणी पोचलं, पण बघायला तो नव्हता, भयंकर टीका झाली होती त्याच्यावर, 1902 मध्येच त्यानं जीव दिला. कालगुर्लीत माउंट शार्लटच्या पाण्याच्या टाकीपाशी हे ऐकताना अख्खी बस गप्प.

जुना पाइप जवळून नक्की बघा. रिव्हेट नाहीत, दोन अर्धगोल पत्रे लांबच्या लांब पट्टीत दाबून बसवलेत, हात फिरवला की ती पट्टी बोटांना लागते.

आता तक्रार. वाटेतल्या मेरेडिन या शेतीच्या गावाला फक्त चाळीस मिनिटं आणि त्यातच जेवण! अहो, लोक टिकले ते या गव्हाच्या पट्ट्यात. सरकारनं 160 एकरांचे तुकडे फुकट दिले, सोन्यात हात पोळलेले कितीतरी जण नांगराकडे वळले, आणि खाणींसाठी आणलेल्या पाइपलाच फाटे काढून शेतांना आणि गावांना पाणी दिलं. पण झाडं सरसकट तोडल्यानं जमिनीखालचं पाणी वर आलं, सोबत मीठ घेऊन. वाटेत एका शेताच्या सखल कोपऱ्यात पांढरा थर आणि वाळून खडंग झालेली झाडं दिसली, मी थांबा म्हटलं तर जेमतेम पाच मिनिटं. ज्यांनी खडकातल्या खळग्यांमधल्या पाण्यावर इथे हजारो वर्षं काढली त्या मूळ लोकांबद्दल तर एकच वाक्य, हे मला फार लागलं.

कालगुर्लीच्या सुपर पिट या सोन्याच्या खाणीपाशी मात्र दीड तास. त्यातला निम्मा मेरेडिनला द्या, बुकिंग करताना तुम्हीही हे सांगा त्यांना.