७×१४ मिनी लेथ: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

७×१४ (इंचांत) मिनी लेथ म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, फिरवत ठेवून टूलने कातणारं छोटं मशीन. बेडवर (खालच्या लांब पायावर) १८० मिमी स्विंग (मावणारा सर्वांत मोठा व्यास), दोन सेंटरमध्ये (जॉब दोन्ही बाजूंनी टेकवणाऱ्या टोकांमध्ये) ३५० मिमी जागा, स्पिंडलला (जॉब फिरवणाऱ्या दांड्याला) २० मिमीचं आरपार भोक आणि एमटी-३ टेपर (मोर्स या प्रमाणित मापाचं निमुळतं तोंड), टेलस्टॉकला (जॉबचं दुसरं टोक टेकवणाऱ्या सरकत्या भागाला) एमटी-२, सोबत ८० मिमीचा तीन जॉचा चक (जॉब धरणारी तीन जबड्यांची पकड). वेगवेगळ्या रंगांत नि नावांत विकलं जाणारं हे चिनी बनावटीचं मशीन घरच्या सिंगल फेजवर चालतं. वजन चाळीस किलोच्या आसपास, त्यामुळे दोघांनी धरून जिना चढवता येतं. घ्यावं का, याचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: सुरुवातीचे दोन-तीन रविवार जॉब न करता मशीनच लावण्यात घालवायची तयारी हवी. ती असेल तर १०० मिमी लांबीत ०.०२ मिमीच्या आतल्या चुकीचं टर्निंग (बाहेरचा व्यास कातणं) या लेथवर निघतं. खोक्यातून काढून थेट चालवलं तर पहिल्याच पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना) ब्लेड अडकतं आणि दोष मोटरवर जातो.

पहिलं काम सफाईचं. गंज लागू नये म्हणून फासलेलं चिकट ग्रीस वंगण नव्हे. त्यात कारखान्यातला ग्राइंडिंगचा चुरा मिसळलेला असतो. डिझेल किंवा टर्पेंटाइनने ते पुसावं, थिनर वापरू नये, रंग सुटतो. क्रॉस स्लाइड (टूल आडवं आत-बाहेर नेणारा भाग) आणि कंपाउंड (तिच्यावरची छोटी स्लाइड) पूर्ण उतरवून डव्हटेलच्या (स्लाइड जिच्यात सरकते त्या तिरप्या खाचेच्या) कडांवरचे बर (धारदार कंगोरे) बारीक ऑइलस्टोनने मारावेत.

खरी मेहनत आहे सॅडलच्या, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाच्या, खाली. बेडखालून सॅडलला धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या कारखान्यातून बहुतेकदा ढिल्या येतात. मॅग्नेटिक स्टँड बेडवर ठेवून डायल गेजची (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाची) पिन सॅडलच्या कोपऱ्यावर टेकवा आणि सॅडल हाताने वर उचलून बघा. काटा ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलला तर टर्निंगला जॉबवर लाटा उमटणार आणि पार्टिंग तर होणारच नाही. या पट्ट्यांना ओढणारे आणि ढकलणारे असे दोन प्रकारचे स्क्रू असतात. त्यांच्या भांडणात पट्टी वाकडी बसते. त्यापेक्षा पितळी शिमचे (पातळ पत्र्याचे) ०.०५ मिमीचे तुकडे पट्टी आणि सॅडलच्या मध्ये घालून बोल्ट पूर्ण आवळावेत. सॅडल जड झालं तर एक शिम वाढवायची, ढिलं राहिलं तर एक काढायची. बेडच्या दोन्ही टोकांना चाल सारखी लागली की झालं. कंटाळवाणं काम आहे, पण या मशीनवर एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

गिबचंही (स्लाइडची ढिलाई घालवणाऱ्या पट्टीचंही) तसंच. क्रॉस स्लाइडच्या गिबवर एम-४ चे तीन स्क्रू टेकतात, पण गिबवर त्यांना बसायला खळगा नसतो किंवा अगदी उथळ असतो. त्यामुळे स्क्रू आवळला की गिब तिरपी होते. स्क्रूच्या खुणा घेऊन ३ मिमी ड्रिलने जेमतेम अर्धा मिमी खोल खळगे पाडा. मग मधला स्क्रू आधी, कडेचे नंतर, हँडलला हलका जोर लागेपर्यंत आवळा. लॉकनट ७ मिमीच्या पान्याने आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूमध्ये थोडा प्ले (ढिलेपणा) उरतोच. तो शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका. माप नेहमी आत जाताना धरायचं. पुढे गेलात तर पूर्ण अर्धा फेरा मागे घेऊन परत यायचं.

बेडला पीळ आहे का, ते जाड टेबलावर बोल्टने बसवल्यावरच बघावं. ईएन-१ए चा (सहज कापल्या जाणाऱ्या माइल्ड स्टीलचा) २५ मिमी बार चकबाहेर १०० मिमी ठेवा, मधला भाग थोडा उतरवून दोन्ही टोकांना कॉलर (जाड राहिलेला पट्टा) ठेवा. धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्ही कॉलरवर ०.१ मिमीचा एकच कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टेलस्टॉककडची कॉलर जाड आली तर त्या टोकाच्या पुढच्या, म्हणजे आपल्याकडच्या पायाखाली शिम घालायची. बारीक आली तर मागच्या पायाखाली. टेलस्टॉक सेंटरला आणणं त्यानंतर, आधी केलंत तर वाया जातं.

तीन जॉचा चक ०.०५ ते ०.०८ मिमीपर्यंत चुकतो. या किमतीत ते अपेक्षितच आहे. एकाच पकडीत फेसिंग (टोक सपाट करणं), टर्निंग, ड्रिलिंग उरकलं तर त्याने बिघडत नाही. जॉब उलटून धरायचा असेल तर चार जॉचा चक लागतोच, आणि डायल गेज लावून त्यात जॉब ०.०१ पर्यंत आणता येतो. चक बदलणं मात्र वैताग आहे. स्पिंडलच्या फ्लँजच्या (चक जिच्यावर बसतो त्या चकतीच्या) मागचे तीन एम-६ नट बोटांनी चाचपत काढावे लागतात.

हेडस्टॉकमधले (स्पिंडल बसवलेल्या भागातले) गिअर प्लॅस्टिकचे आहेत म्हणून लोक लगेच लोखंडी मागवतात. मी ते करणार नाही. टूल चकवर आदळलं तर तुटायला काहीतरी स्वस्त हवं, आणि ते काम हे गिअर करतात. एक जादा संच कपाटात ठेवावा. हाय-लो (वेगाची रेंज बदलणारा) लिव्हर स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच हलवावा. स्पीडचं बटण शून्यावर आणूनच मशीन चालू करावं. हाय रेंजमध्ये कमी आरपीएमवर जड कट घेतला तर मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. ३०० च्या खालचं काम लो रेंजमध्येच करावं.

स्पिंडलला ६२०६ (गोळ्यांची) बेअरिंग आहेत. त्या जागी ३०२०६ टेपर रोलर बसतं, पण ते सव्वा मिमी जाड असल्याने स्पेसर तेवढा कमी करावा लागतो. सॅडल, गिब आणि टूल नीट असूनही चॅटर (कापताना थरथर) येत असेल तरच या खर्चात पडावं.

आता पार्टिंग, कारण सर्वांत जास्त हताशा तिथेच येते. २ मिमी ब्लेड, बाहेर जेवढं लागेल तेवढंच, कट चकच्या अगदी जवळ, सॅडल लॉक, कंपाउंडची गिब घट्ट. आरपीएमचा हिशोब सोपा आहे: ३१८ गुणिले कटिंग स्पीड (मीटर प्रति मिनिट), भागिले व्यास (मिमी). माइल्ड स्टीलला एचएसएसने ३० मीटर प्रति मिनिट धरलं तर २५ मिमीला ३८० च्या आसपास येतात. पार्टिंगला त्याच्या निम्मे ठेवा. ब्रशने तेल देत राहा आणि फीड (टूल आत सरकवणं) थांबवू नका. घाबरून हळू केलं की ब्लेड घासतं, जॉब तापतो आणि ब्लेड धरलं जातं.

टूलचं टोक सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्यरेषेच्या उंचीला, आहे का, हे पातळ स्टील पट्टी टूलच्या टोकात आणि जॉबमध्ये हलकेच दाबून कळतं. पट्टी उभी राहिली तर बरोबर. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. क्विक चेंज टूलपोस्ट (टूल पटकन बदलता येणारी पकड) हा या लेथवरचा सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च, कारण शिम शोधण्याचा वेळ वाचतो. कार्बाइड इन्सर्टपैकी (टूलला लावायच्या बदलत्या कठीण टोकांपैकी) ॲल्युमिनियमसाठीचे पॉलिश केलेले सीसीजीटी या हलक्या मशीनला स्टीलवरही मानवतात. साधे सीसीएमटी बारीक कटाला कापण्याऐवजी घासतात. मात्र फिनिशसाठी हाताने घासलेलं एचएसएस अजूनही पुढे आहे: स्टीलला पुढचा क्लिअरन्स (धारेखालचा उतार) ८ ते १० अंश, साइड रेक (टूलच्या वरच्या बाजूचा आडवा उतार) १२ ते १४, पितळेला रेक शून्य. ग्राइंडर लेथपासून लांब असावा, त्याची धूळ बेड खाते.

आटे पाडताना लीडस्क्रूचा (सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूचा) पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी आहे हे लक्षात ठेवा. १.५, ०.७५ आणि ०.५ पिचला हाफनट (सॅडल लीडस्क्रूला जोडणारा, उघडता येणारा नट) कुठेही लावला तरी चालतो. एम-६ च्या १.० किंवा एम-८ च्या १.२५ पिचला हाफनट उघडायचाच नाही. टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवायची. चक बोल्टने बसवलेला असल्याने तो सुटण्याची भीती नाही.

देखभालीत पावसाळा हा मोठा प्रश्न. पाण्यात कालवलेलं कूलंट या मशीनवर नको. ते सॅडलखाली शिरतं आणि तिथला गंज महिनोन् महिने दिसत नाही. रोज काम संपल्यावर ब्रशने कीस काढून बेडवर व्हीजी-६८ स्लाइडवे ऑइलचा हात फिरवावा. मशीनवर प्लॅस्टिक टाकू नये, आत दमट हवा कोंडते. जाड सुती कापड टाकावं. कोकणपट्टीत आणि मुंबईत कापडाखाली १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब, कापडाला लागणार नाही अशा जाळीत ठेवला तर बेड खोलीपेक्षा थोडा गरम राहतो आणि दव धरत नाही. बीड (कास्ट आयर्न) कापताना बेडवर वर्तमानपत्र अंथरावं आणि तेल नंतर लावावं. तिची काळी भुकटी तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी झिजवते.

राजकोट किंवा बटाला बनावटीचा जुना साडेचार फुटी लेथ मिळत असेल, तळमजला असेल आणि तीन फेजची सोय होत असेल, तर तो घ्यावा. कडकपणात त्याची बरोबरी हे मशीन करू शकत नाही. ५० मिमीच्या वर स्टील नेहमी कापायचं असेल त्यांनीही हे घेऊ नये. छोटी इंजिनं, घड्याळाचे भाग, सायकलचे बुश, मॉडेलची चाकं यांच्यासाठी मात्र पुरेसं आहे. बजेट ठरवताना मशीनच्या किमतीवर आणखी तिसरा हिस्सा बाजूला ठेवावा: चार जॉचा चक, टूलपोस्ट, डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड, ०-२५ मायक्रोमीटर, ड्रिल चक, लाइव्ह सेंटर (जॉबबरोबर फिरणारं टेकू टोक). यातलं डायल गेज आणि स्टँड मशीनबरोबर त्याच दिवशी घरी यायला हवेत.